कण्हसेल ते कान्हेरी : एका दिवसाच्या वाटेवरील पर्वतविहार

पनवेल हे गाव खाडी, कोकणपट्टी आणि घाटवाट यांच्या सांध्यावर वसलेले आहे. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाल्यावर मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी होडीने पनवेलच्या बंदरात उतरे आणि तेथून घाटाकडे मार्गस्थ होई. पनवेल मध्यबिंदू धरून नकाशावर सुमारे पस्तीस किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर त्यात तीन प्राचीन बौद्ध स्थाने येतात. पूर्वेस राजमाचीच्या पायथ्याचे कोंडाणे, पश्चिमेस खाडीपलीकडील घारापुरी बेटाच्या पूर्वेकडील टेकडीवरचा विटांचा स्तूप, आणि वायव्येस साष्टीच्या डोंगरावरील कान्हेरी. या तिन्ही स्थानी पनवेलचा रहिवासी सकाळी निघून संध्याकाळी परत येऊ शकतो. कोंडाण्यास कण्ह नावाच्या गुरूचा शिष्य बलक याचा छोटा ब्राह्मी लेख आहे. कान्हेरीस तोच ‘कण्ह’ शब्द पर्वताचे नाव होऊन बसला आहे. या तिन्हींत कान्हेरीचा विस्तार सर्वांत मोठा. शंभराहून अधिक लेणी, त्यांच्या पाण्याच्या पोढ्या, पायऱ्या, चैत्यगृहे, भिक्षूंची निवासस्थाने आणि दिवंगत स्थविरांचे स्तूप असा तो एक संपूर्ण पर्वतविहार आहे. इसवी सनाच्या आरंभापासून सुमारे एक सहस्र वर्षे तेथे वस्ती होती.

अशा पर्वतस्थ विहारांविषयी एक समजूत रूढ आहे. संसार आणि बाजारपेठ यांपासून दूर, लोकसंपर्क तोडून भिक्षू डोंगरात राहिले. पुढे धर्म लोपला, अरण्य वाढले, लेणी विस्मृतीत गेली, आणि एकोणिसाव्या शतकात युरोपीय संशोधकांनी ती ‘शोधून काढली’, असे तिचे स्वरूप आहे. कान्हेरीचे लेख आणि कान्हेरी हे नाव यांचा एकत्र विचार केला, तर या समजुतीचे दोन्ही भाग टिकत नाहीत. हा पर्वत लोकांपासून दूर नव्हता; तो एका दिवसाच्या वाटेवर होता. आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची ही वाट पूर्णपणे मोडली नाही म्हणूनच त्याचे जुने नाव आजपर्यंत टिकले.

प्रथम अंतराचा विचार करावयास हवा. कान्हेरीपासून कल्याण आणि सोपारे ही दोन्ही प्राचीन बंदरे सरळ रेषेत प्रत्येकी सुमारे पंचवीस किलोमीटरांवर आहेत. कल्याणचा मनुष्य उल्हास नदीच्या पाण्याने साष्टीच्या काठास लागे; सोपाऱ्याच्या मनुष्यास वसईची खाडी ओलांडावी लागे. दोघांनाही पहाटे निघून दिवस मावळण्यापूर्वी डोंगरावर पोहोचणे शक्य होते. चौल मात्र दूर, सत्तर किलोमीटरांच्या आसपास. तेथील प्रवासी समुद्रमार्गाने येई, किंवा जमिनीने आला तर पेणवरून पनवेलच्या परिसरातूनच त्यास कल्याणकडे वळावे लागे. कान्हेरीच्या प्राकृत लेखांत ज्या गावांची नावे पुनःपुन्हा येतात त्यांत कलियण, सोपारक आणि चेमुल ही प्रमुख आहेत. ही अनुक्रमे कल्याण, सोपारे आणि चौल होत. म्हणजे विहाराचे दाते मुख्यतः त्याच्या वाटेवरच्या नगरांतून येत होते.

हे अंतर योगायोगाने पडलेले नाही. विनयपिटकात अनाथपिंडिक जेतवनाची जागा निवडतो त्या प्रसंगी जागेची लक्षणे सांगितली आहेत. ती गावापासून फार दूर नसावी, फार जवळही नसावी. लोकांना येण्याजाण्यास सोयीची असावी. आणि तरीही तेथे गलबला नसावा. एकांत आणि संपर्क या दोन्ही गरजांचा तोल त्यात साधलेला आहे. भिक्षूला अन्न, वस्त्र आणि औषध यांसाठी गृहस्थाची गरज असते. गृहस्थाला पुण्य आणि उपदेश यांसाठी भिक्षूची. हा व्यवहार चालावयाचा तर दोघांमध्ये अंतर हवे, परंतु ते ओलांडता येण्याजोगे हवे. कान्हेरीचा डोंगर या कसोटीस तंतोतंत उतरतो.

लेखांतील दानांचे स्वरूप पाहिले म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. राजे आणि अमात्य त्यांत आहेत; पण संख्येने मोठा वर्ग व्यापारी, कारागीर, गृहिणी आणि भिक्षुणी यांचा आहे. कल्याणच्या सामिदत नावाच्या सोनाराने संघाला पाण्याची पोढी दिली. सोपाऱ्याच्या नागपालित नावाच्या मणिकाराचे नाव दात्यांत आहे. कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने दिलेले दान तर विशेष लक्षणीय आहे. त्याने लेणे दिले नाही, मूर्ती दिली नाही. त्याने वाट दिली. लोखंडाचे काम करणाऱ्या माणसाला खडकातील वाटेचे मोल ठाऊक असणे स्वाभाविक होते. परंतु वाट हे दान ठरू शकते ते केवळ जेथे चालणारे पुष्कळ असतात तेथेच. अरण्यात एकटा राहणाऱ्या तपस्व्याला पाऊलवाट पुरते. दानलेखात नोंदवावी अशी वाट ज्याने केली, त्याच्या डोळ्यांपुढे येणारे लोक होते.

पोढी, आसन आणि वाट ही तीन दाने एकत्र ठेवून पाहावीत. लेखांतील ‘पोढी’ म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. कान्हेरीत जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारी ते आढळते, आणि पावसाचे पाणी त्याकडे नेणाऱ्या पन्हळीही खडकात कोरलेल्या दिसतात. ‘आसनपेढिका’ म्हणजे लेण्याच्या ओसरीत किंवा बाहेर कोरलेली बसावयाची ओटी. चढून आलेल्याला प्रथम पाणी लागते, मग बसावयास जागा लागते, आणि परतताना वाट लागते. या दानांत एका दिवसाच्या पाहुण्याची संपूर्ण गरज नोंदली गेली आहे. दाते अर्थात संघाला दान करीत होते. परंतु संघाची ओसरी ही येणाऱ्याची ओसरी होती, हे त्यांच्या दानाच्या निवडीतून उघड होते.

भाषेच्या अभ्यासकास या शब्दांत आणखी एक धागा सापडतो. ‘लेण’ हा शब्द ‘लयन’ यापासून आला आणि मराठीत ‘लेणे’ म्हणून घराघरांत पोहोचला. ‘पेढिका’ हा ‘पीठिका’ याचा प्राकृत अवतार. त्याचीच पुढची अवस्था म्हणजे मराठी ‘पेढी’. बसावयाची ओटी व्यापाऱ्याची बैठक झाली आणि बैठकीवरून सावकाराची पेढी. कान्हेरीच्या महाचैत्यगृहाच्या लेखात ‘सेलवढकी’ हा शब्द येतो. शैल म्हणजे खडक, तो घडवणारा वर्धकि. या ‘वर्धकि’चा वंशज ‘वाढई’ विदर्भात आजही सुतारासाठी चालतो. सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी याच्या काळात, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात, गजसेन आणि त्याचा भाऊ या व्यापारी बंधूंनी हे चैत्यगृह करविले. त्या लेखात स्थविरांची आणि कामावर देखरेख करणाऱ्या भिक्षूची नावे आहेत, आणि पाथरवटांचाही उल्लेख आहे. ज्या भाषेत हे सर्व नोंदले गेले ती प्राकृत मराठीच्या पूर्वपरंपरेतील आहे. कान्हेरीचा खडक म्हणजे कोकणातील सामान्य माणसांच्या बोलीचा फार जुना दप्तरखाना होय, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

दानांचा दुसरा प्रकार ‘अखयनिवी’चा. मूळ धन कायम ठेवून त्याच्या उत्पन्नातून प्रतिवर्षी खर्च करावयाचा, अशी ही कायम ठेव. एका लेखात मंगलठाण नावाच्या गावातील शेत संघास दिल्याची नोंद आहे. डोंगराच्या पश्चिम पायथ्याशी, बोरिवलीजवळ असलेले मागाठाणे ते हेच, असे अभ्यासक मानतात. अशा उत्पन्नातून भिक्षूंच्या ‘चिवरिका’ची, म्हणजे वस्त्रांच्या खर्चाची, व्यवस्था होई. डोंगरावरचा विहार आणि पायथ्याचे शेत यांचा हा हिशेब वर्षानुवर्षे चालू राहावा, अशी दात्याची अपेक्षा होती. लोकांशी संबंध तोडलेल्या संस्थेला अशी ठेव कोणी देत नाही.

प्राकृताच्या जोडीला संस्कृतही येथे लवकरच प्रविष्ट झाले. वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक कुळातील महाक्षत्रपाची कन्या होती, असे सांगणारा पोढीवरील लेख संस्कृतात आहे. सतेरक नावाच्या अमात्याने ती पोढी दिली. सातवाहन आणि पश्चिम क्षत्रप हे एकमेकांशी लढणारे राजवंश विवाहसंबंधाने जोडले गेले होते, ही महत्त्वाची वार्ता इतिहासाला एका पाण्याच्या टाक्याने दिली आहे. पुढे संस्कृत हीच दस्तऐवजाची भाषा झाली. त्रैकूटकांच्या २४५ व्या वर्षातील, म्हणजे इसवी सन ४९४-९५ मधील, ताम्रपटात या स्थानाचा उल्लेख कृष्णगिरीचा महाविहार असा आहे, आणि दाता बुद्धरुचि हा थेट सिंधुदेशाहून आलेला आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाचे मांडलिक शिलाहार कोकणावर राज्य करीत असताना कोरलेल्या लेखांतही ‘कृष्णगिरि’ हेच नाव येते. त्यांपैकी शके ७६५ च्या लेखात विहाराची दुरुस्ती, भिक्षूंची वस्त्रे आणि ग्रंथ यांसाठी द्रम्मांची तरतूद आहे. शके ७७५ च्या लेखातील दाता अविघ्नाकर गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून, आलेला होता. तोवर दात्यांचा परिघ एका दिवसाच्या वाटेपुरता राहिलेला नव्हता. तथापि सिंधूहून वा गौडाहून आलेला यात्रिकही शेवटचा टप्पा त्याच बंदरांवरून, त्याच वाटेने चालत होता.

येथे पर्वताच्या नावाचा प्रश्न उपस्थित होतो. त्याची तीन रूपे आढळतात. प्राकृत लेखांत ‘कण्हसेल’. नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या प्रसिद्ध लेखात पर्वतांच्या मालिकेत ‘कण्हगिरि’. आणि उत्तरकालीन संस्कृत लेखांत ‘कृष्णगिरि’. तिन्हींचा अर्थ एकच, काळा डोंगर. यांपैकी आजचे ‘कान्हेरी’ कोठून आले, हे ध्वनिपरिवर्तनाचे नियम निःसंदिग्धपणे सांगतात. ‘कण्हगिरि’ यातील स्वरमध्य ‘ग’ लोपला, उरलेल्या ‘अ’ आणि ‘इ’ यांचा ‘ए’ झाला, आणि आद्य अक्षर दीर्घ झाले. ‘कण्ह’चा ‘कान्ह’ होतो तसेच. म्हणजे ‘कान्हेरी’ हे नाव पंडितांच्या ‘कृष्णगिरी’पासून निघालेले नाही. ते बोलणाऱ्यांच्या ‘कण्हगिरी’पासून निघाले आहे. चेमुलचे चौल होताना मधला ‘म’ जसा ‘व’कडे झुकला, ग्रामाचे गाव आणि नामाचे नाव झाले, त्याच जिवंत प्रवाहात कान्हेरीही घडली.

या निष्कर्षाचे ऐतिहासिक महत्त्व लक्षात घ्यावयास हवे. पाचव्या शतकापासून नवव्या शतकापर्यंत ताम्रपट आणि शिलालेख या पर्वतास ‘कृष्णगिरि’ म्हणत राहिले. राजाश्रय गेला, भिक्षू गेले, लिपी वाचणारे उरले नाहीत, आणि दस्तऐवजी नाव त्यांच्याबरोबरच संपले. उरले ते पायथ्याच्या गावांच्या तोंडचे नाव. शब्दात झालेला प्रत्येक ध्वनिबदल हा तो शब्द पिढ्यान्‌पिढ्या उच्चारला जात असल्याचा पुरावा असतो. ज्या स्थानाचा विसर पडला, त्याचे नाव असे हळूहळू झिजत नाही. ते एकदम नाहीसे होते, किंवा नवे पडते. कान्हेरीचा धर्म विसरला गेला असेल, लेखांचा अर्थ विसरला गेला असेल. पर्वत मात्र विसरला गेला नाही.

याला कोरीव पुरावाही आहे. ९० क्रमांकाच्या लेण्यात तीन लेख पहलवी लिपीत आणि भाषेत आहेत. यज्दगर्दी सनाच्या ३७८ व्या वर्षी दोनदा, म्हणजे १००९ च्या ऑक्टोबर व नोव्हेंबर महिन्यांत, आणि ३९० व्या वर्षी, म्हणजे १०२१ च्या ऑक्टोबरात, पारशी मंडळी येथे आली आणि त्यांनी आपली व आपल्या वडिलांची नावे तारखांसह कोरून ठेवली. ते बौद्ध नव्हते. त्यांनी दान दिल्याची नोंद नाही, लेणे खोदल्याची नाही. आलो होतो, एवढेच लेखांचे सांगणे. पावसाळा सरल्यावर, डोंगर हिरवा असताना आणि वाटा कोरड्या झाल्यावर ही माणसे आली. आजची शाळा-महाविद्यालयांची मंडळीही याच महिन्यांत सहली काढतात. ‘यात्रा’ आणि ‘सहल’ यांतील भेद मराठी माणूस सहज ओळखतो. यात्रेत श्रद्धा असते, सहलीत कुतूहल. कान्हेरीच्या भिंतीवर यात्रेकडून सहलीकडे झालेले हे स्थित्यंतर तारखेनिशी नोंदलेले आहे. यात्रा थांबत आली तेव्हा वाट चालती ठेवण्याचे काम, निदान अंशतः, अशा कुतूहलाने केले.

१५३४ मध्ये वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी कान्हेरीच्या महाचैत्यगृहाचे सेंट मायकेलच्या नावाने चर्च केले. त्यांतील अंतोनियू दु पोर्तु याने डोंगरातील भुयार खंबायतेपर्यंत जाते ही ऐकीव गोष्ट तपासण्यासाठी कित्येक दिवस आत शोध घेतल्याची कथा दियोगु दु कौतु या पोर्तुगीज इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. परंतु कौतुची दुसरी नोंद अधिक मोलाची आहे. साष्टीतील एका अतिवृद्ध ख्रिस्ती मनुष्यास हे लेणे कोणी केले असे विचारले असता त्याने सांगितले की, संत जोसाफात याच्या पित्याने, पुत्रास एकांतात वाढविण्यासाठी, ते करविले. जोसाफातची कथा युरोपात घरोघर परिचित होती. पुत्र वैरागी होईल हे भाकीत ऐकून राजा त्यास महालात कोंडतो. तो बाहेर पडतो, रोग, जरा आणि मृत्यू पाहतो आणि राज्य सोडतो. कौतुने पुढे तर्क केला की, भारतीय लोक ज्या ‘बुदाँव’च्या अद्भुत कथा सांगतात तोच हा राजपुत्र असावा.

कौतुचा तर्क खरा होता, आणि त्याचा निर्णायक पुरावा पुढे शब्दशास्त्राने दिला. ‘बोधिसत्त्व’ हा शब्द इराणातून अरबीत गेला तेव्हा ‘बूदासफ’ झाला. अरबी लिपीत ‘ब’ आणि ‘य’ यांच्या चिन्हांत केवळ एका टिंबाचा फरक. लेखकाच्या हातून ‘बूदासफ’चा ‘यूदासफ’ झाला, जॉर्जियन आणि ग्रीक भाषांतून जात तो लॅटिनमध्ये ‘जोसाफात’ बनला आणि चर्चने त्यास संत मानले. तेच नाव सोळाव्या शतकात पोर्तुगीज गलबतांतून कोकणात परत आले आणि साष्टीच्या एका वृद्धाने ते अजाणता बुद्धाच्या डोंगरावर नेऊन ठेवले. त्याला जोसाफातची कथा पाद्र्यांनी शिकविली, हे उघड आहे. पण अनेक संतांच्या कथा ऐकलेल्या त्या माणसाने या लेण्यासाठी नेमकी हीच का निवडली? राजपुत्राच्या वैराग्याशी या डोंगराचा संबंध आहे, अशी एखादी जुनी ऐकीव गोष्ट पायथ्याच्या गावांत शिल्लक असल्याखेरीज हा जोड सहजासहजी जुळत नाही. हे अनुमान आहे, सिद्धान्त नव्हे. परंतु ‘कान्हेरी’ या नावाने दिलेल्या साक्षीशी ते पूर्णतः सुसंगत आहे.

एकोणिसाव्या शतकातील संशोधकांचे कार्य यामुळे कमी ठरत नाही. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली; १८३९ मध्ये जेम्स बर्डला चैत्यगृहासमोरील स्तूपात त्रैकूटक ताम्रपट मिळाला; वेस्टने लेखांच्या नकला केल्या, तर भगवानलाल इंद्रजी, बर्जेस आणि ब्यूलर यांनी ते लेख वाचून प्रसिद्ध केले. भगवानलालांनीच १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उघडला आणि दात्यांच्या गावांपैकी एकाचे बौद्ध वैभव प्रत्यक्ष दाखविले. शोभना गोखले यांनी स्थविरांच्या स्मारकस्तूपांवरील लेखांचा शोध घेतला आणि १९९१ मध्ये कान्हेरीच्या लेखांचा ग्रंथ पुण्याहून प्रसिद्ध केला. या परंपरेने हरवलेला अर्थ परत मिळविला. स्थान मात्र हरवलेले नव्हते. अर्थ परत मिळविणे आणि स्थान शोधून काढणे या दोन गोष्टींत अभ्यासकाने गल्लत करू नये. कारण दुसरा शब्दप्रयोग पायथ्याच्या लोकांची सोळा-सतरा शतकांची साक्ष पुसून टाकतो.

आज कान्हेरी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. महाशिवरात्रीस तेथे मोठी गर्दी लोटते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर महाराष्ट्रातील बौद्ध समाजासाठी हा डोंगर पुन्हा श्रद्धास्थान झाला आहे. पहलवी लेखांच्या वेळी यात्रेची सहल झाली होती. आता, निदान काहींसाठी, सहलीची पुन्हा यात्रा झाली आहे. पनवेलहून लोकलने निघून, बोरिवलीस उतरून, उद्यानातील सुमारे सहा किलोमीटरांची वाट संपवून वर येणाऱ्यांत दोन्ही प्रकारचे लोक असतात. महाचैत्यगृहाच्या दारातील सुमारे सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्तींसमोर कोणी हात जोडतो, कोणी छायाचित्र घेतो.

दोघेही थकल्यावर ज्या ओटीवर बसतात ती एखाद्या दात्याची आसनपेढिका असते. आणि खडकातील ज्या वाटेने ते उतरतात तिचा काही भाग कल्याणच्या लोहाराचाही असू शकेल. विद्यार्थ्यांनी तेथे गेल्यावर मूर्तींइतकाच वेळ या ओट्या, पोढ्या आणि पायऱ्या यांना द्यावा. कान्हेरीचा इतिहास गाभाऱ्यात जितका आहे, तितकाच तो संध्याकाळी घरी परतणाऱ्यांच्या पायाखाली आहे.